सुपर बोलच्या आधीच मागे घेतलेली कुत्र्याच्या पिल्लाची जाहिरात

ओलीमाती | २८ जानेवारी २०१५, रात्री ९:४०

येत्या रविवारी इथे अमेरिकेत सुपर बोल आहे. अमेरिकन फुटबॉलची ही अंतिम लढत, आणि मधल्या वेळातल्या जाहिराती बघायलाच कितीतरी लोक टीव्हीसमोर बसतात. यंदा तीस सेकंदांचा भाव सुमारे ४५ लाख डॉलर आहे. म्हणून कंपन्या आपली जाहिरात काही दिवस आधीच बाहेर काढतात.

गोडॅडी ही संकेतस्थळांची नावं विकणारी कंपनी. त्यांची जाहिरात काल सकाळी टीव्हीवर दाखवली. बडी नावाचं गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू पिकअप ट्रकच्या हौद्यातून खाली पडतं. मग पावसापाण्यातून, रेल्वेचे रूळ ओलांडत, एवढ्याशा पायांनी चालत चालत घरी येतं. गेल्या वर्षी बडवायझर या बिअर कंपनीने पिल्लाची आणि घोड्याची जी जाहिरात केली होती, तिची ही नक्कल. घरातली बाई त्याला उचलून घेते. बडी, बरं झालं तू परत आलास, म्हणते. का, तर तिने गोडॅडीवर बनवलेल्या साइटवरून त्याला नुकतंच विकलेलं असतं. पिल्लू गाडीत चढवतात आणि गाडी निघते.

ही जाहिरात काढून टाका, अशा ऑनलाइन अर्जावर काही तासांत ४२ हजार सह्या झाल्या. संध्याकाळच्या आत कंपनीचे प्रमुख ब्लेक अर्व्हिंग यांनी जाहिरात मागे घेतली. लोकांच्या भावनांचा आम्हाला अंदाज आला नाही, असं त्यांनी लिहिलंय. बडी चांगल्या ब्रीडरकडून, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणाऱ्याकडून, आणलेला आहे आणि आता आमच्याच एका जुन्या कर्मचाऱ्याच्या घरी राहतो, हेही सांगितलंय. बडीची काळजी मिटली.

माझी मिटली नाही, म्हणून लिहायला बसले.

२००९ साली लेक आठ वर्षांची होती आणि तिला कुत्रा हवा होता. मी एका साइटवर बीगलचं पिल्लू बघितलं. मागे हिरवं कुरण, लाल रंगाचं गोठ्यासारखं घर, फोटोत सगळं छान. सातशे डॉलर. फोनवरचा माणूस फार गोड बोलला. तुम्ही इतक्या लांब कशाला येता, मी अर्ध्या वाटेत येतो, म्हणाला. एका मॉलच्या पार्किंगमध्ये भेटलो. त्याने डिकी उघडली. आत एकावर एक चार पिंजरे होते. त्यातलं एक पिल्लू काढून माझ्या हातात दिलं, पैसे मोजले, गेला. सगळं मिळून दहा मिनिटं. पिल्लाच्या अंगाला लघवीचा वास येत होता. लेकीने त्याचं नाव लाडू ठेवलं.

तिसऱ्या दिवशी लाडूने खाणं सोडलं, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण. पार्व्हो हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग निघाला. चार रात्री दवाखान्यात सलाइनवर होता. नवव्या दिवशी गेला. त्या माणसाचा फोन नंतर कधीच लागला नाही, आणि साइट महिन्याभरात दुसऱ्या नावाने उभी राहिली.

त्याच्या आईला मी कधी पाहिलं नाही. विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. ते कुरण कुठे आहे, तिथे खरंच कोणी पळतं का, काहीही विचारलं नाही. म्हणून काल ती गाडी निघाली तेव्हा मला हसू आलं नाही. ती गाडी मी पाहिलेली आहे.

फिरस्ता | २८ जानेवारी, रात्री १०:१५

लाडूचं वाचून वाईट वाटलं. पण माझं मत वेगळं आहे, मांडतो.

मी जाहिरात पाहिली आणि हसलो. बडवायझर बिअर विकायला पिल्लू वापरतं आणि आपण डोळे पुसतो. पिल्लाचा आणि बिअरचा संबंध काय? गोडॅडीने ते ढोंग उघडं केलं, असं मला वाटलं. त्यातली बाई आपल्याला आवडू नये अशीच दाखवली आहे. पडद्यावर वाईट माणूस दाखवला म्हणजे दाखवणारा त्याच्या बाजूचा झाला, असं नसतं. दिवसभरात ४२ हजार सह्या होतात आणि एक विनोद पुसला जातो याची मला धास्ती वाटते. उद्या कशावर होतील?

ओलीमाती | २८ जानेवारी, रात्री १०:५०

फिरस्ता, ती बाई आवडू नये अशी दाखवलीय हे मान्य. पण तिच्यानंतर पडद्यावर काय येतं? कंपनीचं नाव. ती बाई म्हणजे कंपनीची यशस्वी ग्राहक आहे: साइट बनवली, माल खपला, गाडी निघाली. टीका करायची असती तर शेवटी स्वतःचीच जाहिरात कशी केली असती?

बडवायझरबद्दल तुमचं पटतं. बिअरसाठी पिल्लू वापरणं मलाही रुचत नाही.

थेम्सकाठी | २९ जानेवारी, पहाटे ४:२०

इकडे ब्रिटनमध्ये २०१० साली पॅडी पॉवर या बेटिंग कंपनीची जाहिरात आली होती. अंध खेळाडूंचा फुटबॉल चाललाय, चेंडूत घुंगरू आहे. मैदानात गळ्यात घंटा बांधलेली मांजर येते. लाथ बसल्याचा आवाज येतो आणि मांजर झाडावर दिसते.

जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या एएसए या संस्थेकडे १,३१३ तक्रारी गेल्या. त्या वर्षी एवढ्या तक्रारी दुसऱ्या कुठल्याच जाहिरातीवर नव्हत्या. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. हा अतिशयोक्त विनोद आहे, त्याने कोणी मांजरांना लाथा मारायला लागेल असं वाटत नाही, असं एएसएचं म्हणणं.

तेव्हा मला तो निकाल बरोबर वाटला होता. मांजरांना लाथ मारण्याचा धंदा कुठे चालत नाही. पिल्लं साइटवरून विकण्याचा धंदा मात्र चालतो, आणि गोडॅडी त्याच धंद्यांना साइट पुरवतं. मला दोन्हींत हा फरक दिसतो. पण अंध खेळाडूंना काय वाटलं असेल हा प्रश्न तेव्हा मागेच पडला. सगळ्यांना मांजरच दिसली. अजून ते मनाला लागतं.

रानजाई | २९ जानेवारी, सकाळी ८:०५

थेम्सकाठींच्या शेवटच्या वाक्यावरून लिहिते. ही तीच गोडॅडी आहे जिने २००५ पासून सुपर बोलमध्ये बायकांची शरीरं दाखवून धंदा वाढवला. त्यांच्या पहिल्याच जाहिरातीचं दुसरं प्रक्षेपण त्या सामन्यात वाहिनीने रद्द केलं होतं, इतकी ती आक्षेपार्ह वाटली. तरी पुढची कित्येक वर्षं तोच साचा चालू राहिला. बायका तक्रार करत होत्या, लिहीत होत्या. एका दिवसात माघार तेव्हा कधी झाली नाही.

पिल्लासाठी झाली याचा मला आनंदच आहे. पण मन खट्टू होतं, ते इथे बोलून दाखवते.

आणि २०११ मध्ये याच कंपनीचे संस्थापक बॉब पार्सन्स यांनी झिंबाब्वेत हत्ती मारल्याचा व्हिडिओ स्वतःच टाकला होता. तेव्हाही लोक खवळले होते, कित्येकांनी आपल्या संकेतस्थळांची नावं दुसऱ्या कंपन्यांकडे हलवली. त्यामुळे लोकांचा अंदाज आला नाही हे म्हणणं मला पचत नाही. अंदाज यायला चार वर्षांपूर्वीचा धडा हाताशी होता.

डोंगरवाट | २९ जानेवारी, दुपारी १:३०

एक प्रश्न मनापासून विचारतो, कुणाला हिणवायला नाही. इथल्या कोंबडी व्यापाऱ्यांच्या संघटनेचाच अंदाज आहे की सुपर बोलच्या त्या शनिवार-रविवारी अमेरिकेत सव्वा अब्ज चिकन विंग्ज खाल्ले जातात. एका कोंबडीला दोन पंख. पिल्लासाठी सही करणाऱ्यांतले किती जण रविवारी ते खातील? मी स्वतः खातो. म्हणून विचारतोय, आपली कळवळ नेमकी कशावर बेतलेली आहे?

बांधावरून | २९ जानेवारी, रात्री ८:४५

मी सांगली जिल्ह्यातला शेतकरी. घरी दोन म्हशी, एक गाय, एक कुत्रं. डोंगरवाट, तुमचा प्रश्न रास्त आहे, आम्हाला तर तो रोजचाच. जनावर विकणं म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. कालवड विकल्याशिवाय पोरांच्या फिया भरता येत नाहीत.

पण बाजारात जनावर कसं विकतात ते ऐका. घेणारा समोर उभा असतो. दात बघतो, चालवून बघतो, कासेला हात लावतो, दुभती म्हैस असली तर धार काढून बघतो. कितव्या वेताची, आई कशी होती, मारकी आहे का, सगळं विचारतो. मग रुमालाखाली बोटं धरून भाव. इतकं झाल्यावर जनावर हलतं. आमच्या घरी दावं देत नाहीत, ते काढून घरी ठेवतात. आई त्या दिवशी गोठ्यात जात नाही.

त्या बाईने पिल्लू विकलं म्हणून मला राग नाही आला. ते पिल्लू एवढी वाट तुडवून दारात आलं आणि बाईला दिसला तो फक्त सौदा. म्हैस विकल्यावर दावं तोडून परत आली ना, तर आमच्याकडे तिला पाणी दाखवतात, कपाळावरून हात फिरवतात. मग ज्याची त्याला नेऊन देतात. न्यावी लागतेच. पण पाणी दाखवतात.

ओलीमाती ताई, तुमचं लाडू डिकीतून काढलं हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

ओलीमाती | २९ जानेवारी, रात्री ११:१०

बांधावरून दादा, इतके दिवस माझ्या मनात जे होतं ते तुम्ही नीट सांगितलंत. तिथे घेणारा, विकणारा आणि जनावर एकाच जागी उभे असतात. साइटवर हेच नसतं. मी फोटो घेतला आणि पिल्लू त्याच्यासोबत आलं.

अमेरिकेत कायदा नाही असं नाही. मोठ्या ब्रीडरना कृषी खात्याचा परवाना लागतो. आधी पळवाट अशी होती की थेट ग्राहकाला विकणारा दुकानदार समजला जाई, त्याला परवाना नको. ऑनलाइन विकणाऱ्यांनी याच वाटेने धंदा केला. नोव्हेंबर २०१३ पासून ग्राहकाने न बघता घेतलेल्या पिल्लांचा विक्रेताही परवान्याखाली आला. चार किंवा कमी प्रजननाच्या माद्या असल्या तर सूट आहे.

पण परवाना असला की काय मिळतं? पिंजऱ्याचा नियम मी शोधून वाचला. कुत्रीची लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायची, त्यात सहा इंच मिळवायचे, तेवढ्या बाजूचा चौरस. उंची डोक्याच्या वर सहा इंच. एवढ्या जागेत ती कायदेशीरपणे राहू शकते, वेतामागून वेत देत. मी घरात टेप घेऊन जमिनीवर खडूने तो चौरस काढला. आमच्या पाटाहून फार मोठा नाही.

डोंगरवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. लाडूनंतर मी कोंबडी सोडली, पण दूध घेतेच. माझी कळवळ मी पाहिलेल्यावर बेतलेली आहे. न पाहिलेल्यांसाठी ती कमी पडते, हे कबूल.

काटेसावर | ३० जानेवारी, दुपारी १२:२०

मी मुंबईत जाहिरातपटांच्या निर्मितीत काम करते, प्राण्यांच्या परवानग्यांचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. इथली पद्धत सांगते.

२००१ च्या नियमांनुसार चित्रीकरणात प्राणी वापरायचा असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. कुठला प्राणी, तो काय करणार, पशुवैद्याचा दाखला, सगळं कळवायचं. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ करायला बंदी आहे, २०११ मध्ये बैलही त्या यादीत आला. नियम कटकटीचे वाटतात, पण त्यांच्यामुळे सेटवर फरक पडलाय. पूर्वी घोड्याला पाडायला पायात तार बांधायचे, असं जुने लोक सांगतात.

आता माझी खंत. बडीची जाहिरात माझ्या टेबलावर आली असती तर तिला सहज परवानगी मिळाली असती. पिल्लू निरोगी, डॉक्टर हजर, पावसाचं पाणी कोमट, कुणाला इजा नाही. हे नियम सेटवरच्या प्राण्याचं रक्षण करतात. जाहिरात काय शिकवते ते तपासण्याचं काम त्यांचं नाही. मजकुराची तक्रार करायची तर मुंबईत एएससीआय ही जाहिरातदारांनीच १९८५ मध्ये स्थापन केलेली संस्था आहे. तिच्याकडे सामान्य माणूसही तक्रार करू शकतो, पैसे लागत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २००३ मधली हच या मोबाइल कंपनीची जाहिरात. मुलगा आणि त्याच्या मागे मागे चालणारा पग. किती गोड होती! त्यात विकृत काहीच नव्हतं. पण त्यानंतर शहराशहरांत पगची मागणी वाढली, ती किती आणि कशी भागवली गेली ते इथल्या डॉक्टर मंडळींनी सांगावं.

मुकीभाषा | ३० जानेवारी, रात्री १०:३५

सांगते. मी पशुवैद्य, पुण्यात प्रॅक्टिस करते.

पगचं तोंड चपटं. नाकपुड्या अरुंद, टाळू लांब आणि मऊ, श्वासाची वाट मुळातच चिंचोळी. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, आणि याला धड धापाही टाकता येत नाहीत. एप्रिल-मे मध्ये माझ्याकडे जीभ निळी पडलेले पग येतात. डोळे बाहेर आलेले असतात, जरा ओरखडा बसला की व्रण. लोक व्हिडिओ दाखवतात, डॉक्टर बघा किती गोड घोरतो. ते घोरणं नसतं हो, त्याला श्वास पुरत नसतो. हे सांगताना माझाच आवाज कापतो.

ओलीमाती ताई, लाडूबद्दल. पार्व्होचा विषाणू शरीरात गेल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी लक्षणं दिसतात. म्हणजे तुमच्या हातात आला तेव्हाच तो बहुधा आजारी होता. तुम्ही काही चुकवलं नाहीत. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे एका जागी पिल्लांमागून पिल्लं वाढवली की एक वेत दुसऱ्या वेताला रोग देतं. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. विकणाऱ्यांना तेवढं थांबायचं नसतं. पिल्लू जितकं लहान तितकं गोड दिसतं. पाच आठवड्यांची पिल्लं माझ्याकडे आणतात, ज्यांना अजून नीट चाटून पाणी पिता येत नाही.

फिरस्ता | ३१ जानेवारी, सकाळी ९:००

काल दिवसभर प्रतिसाद वाचत होतो. सह्या करून विनोद बंद पाडण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण इथे सरकारने बंदी घातली नाही. कंपनीला ज्यांना आपला माल विकायचा होता ते लोकच नको म्हणाले आणि कंपनीने ऐकलं. याला गळचेपी म्हणणं चूक होतं. आणि पिंजऱ्याचा चौरस मीही काढून पाहिला.

रानजाई | २ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

काल सामना झाला. गोडॅडीने दुसरी जाहिरात दाखवली, सामना सोडून काम करत बसलेल्या छोट्या व्यावसायिकाची. बडवायझरच्या यंदाच्या जाहिरातीतही हरवून घरी येणारं पिल्लू आहे, त्याला लांडग्यापासून घोडे वाचवतात. वाचकांच्या मतांवरून एक वृत्तपत्र क्रम लावतं, त्यात तिचा पहिला नंबर आला. रडायला मलाही आलं. पण आता प्रत्येक पिल्लू बघताना मला खडूचा चौरस आठवतो.

चाफेकळी | १४ ऑक्टोबर २०१८, संध्याकाळी ६:१०

धागा वर काढतेय. आम्हाला मुलासाठी पिल्लू घ्यायचंय. ठाण्यात राहतो. एका साइटवर पगची जाहिरात आहे, १२ हजार, घरपोच देतो म्हणतात. वय पंचेचाळीस दिवस. हा धागा वाचून पोटात गोळा आला. काय विचारू त्यांना?

मुकीभाषा | १४ ऑक्टोबर २०१८, रात्री ९:५०

पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. गेल्या वर्षी केंद्राने श्वानप्रजननाचे नियम काढलेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरला नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. लसीचं कार्ड मागा, त्यावर डॉक्टरची सही-शिक्का आहे का पाहा. पग घेण्याचा मात्र फेरविचार करा, ठाण्याच्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतात. आपल्या रस्त्यावरचं देशी पिल्लू इथल्या हवेत जन्मलेलं असतं.

बांधावरून | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

घरपोच नको. तुम्ही जा. जिथे जन्मलं ती जागा बघा.

ओलीमाती | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

चाफेकळी, बाकी काही विचारलं नाहीस तरी चालेल. एवढंच म्हण, पिल्लाची आई दाखवा. फोटो नको, आम्ही येऊन बघतो.

चाफेकळी | १९ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

म्हटलं तसं. आधी म्हणाले, आई गावाला आहे. मी म्हटलं, गाव कुठलं, आम्ही जाऊ. मग फोन बंद. काल बघितलं तर तोच फोटो, तेच पिल्लू, दुसऱ्या नंबरने पुन्हा लावलंय. त्या साइटकडे तक्रार केलीय, अजून उत्तर नाही.

आमच्या इमारतीच्या मागे एका कुत्रीने चार पिल्लं दिलीत. आठ आठवडे व्हायला अजून पाच आहेत. मुलगा रोज तिला भात नेऊन देतो. आधी गुरगुरायची, परवापासून शेपूट हलवते.